ताईच्या शाळेसाठी घेतलेली गाडी

एरंडेलाचा वास आला की मला अजून मळमळतं. लहानपणी नाक दाबून पाजलं म्हणून नव्हे. ते त्या काळी सगळ्यांच्याच नशिबी होतं. माझी मळमळ पुढची आहे, पंचविशीतली. माझे भावोजी आपल्या मोटारीच्या इंजिनात एरंडेलापासून केलेलं तेल घालत. शर्यतीच्या गाड्यांना तेच लागतं असं त्यांनी कुठल्याशा विलायती मासिकात वाचलं होतं. ते तेल तापलं की आमच्या गिरगावच्या वाडीत असा काही दर्प पसरे की माणसं खिडक्या लावून घेत. भावोजी मात्र तो वास छाती भरून घेत, आणि मी त्यांच्या शेजारी उभा राहून, आपल्यालाही तो फार आवडतो असा चेहरा करी. आज किळस येते ती वासापेक्षा त्या चेहऱ्याची जास्त.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई-वडील लवकर गेले, तेव्हा तिनंच मला वाढवलं, शिकवलं, आणि मी नोकरीला चिकटेपर्यंत स्वतःचं लग्न लांबवलं. नवव्या वर्षी जिन्यावरून पडून तिचा डावा गुडघा मोडला होता. कुणा हाडवैद्यानं तो बसवला, तो असा की पुन्हा कधी वाकलाच नाही. पाय काठीसारखा सरळ, बाजूनं फिरवून टाकत चालायची. परळला गिरणी कामगारांच्या मुलांच्या शाळेत ती शिकवत असे, आणि ती शाळा म्हणजे तिचा जीव होता. भावोजींनी मागणी घातली तेव्हा तिनं एकच अट घातली, की शाळा सुटणार नाही. भावोजी आनंदानं कबूल झाले होते. माणूस वाईट नव्हता; वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

त्यांचं घराणं मुंबईतलं फार जुनं. पणजोबा इंग्रजांच्या कचेरीत कारकून, माहीमकडे नारळाच्या वाड्या, असं सगळं. आता वाड्या गेल्या होत्या, आणि उरलं होतं ते गिरगावातलं दुमजली घर आणि एक ठरावीक वरचा सूर. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ या घोषणा गल्लीत उठल्या की भावोजी म्हणायचे, "आम्ही मुंबईत यांच्या महाराष्ट्राच्याही आधीपासून आहोत." ताई तेव्हा काही बोलत नसे, पण दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर ‘आपला महाराष्ट्र’ असा निबंधाचा विषय घाली. मी त्याच वाडीच्या तोंडाशी चाळीत एक खोली घेऊन राहत होतो, आणि जेवायला ताईकडे जात होतो. नोकरी वकिलांच्या कचेरीत, दस्तऐवजांच्या नकला करण्याची. अक्षर चांगलं, पाठीचा कणा बेताचा.

ताईचा उजवा गुडघाही दुखू लागला तेव्हा हे सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, "ट्रामच्या पायरीवर तुम्ही सगळं अंग या एका पायानं उचलता. असंच चाललं तर वर्षभरात हाही जाईल. शाळा सोडा, नाही तर गाडीनं जा." ताईच्या सासूबाईंना पहिलीच गोष्ट पसंत होती. भावोजी मात्र ताडकन म्हणाले, "मग गाडी घेऊ." त्या दुपारी ताईनं बोंबील तळले, आणि ताटं वाढता वाढता चक्क गुणगुणत होती. मी तिला गुणगुणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

नवी गाडी त्या दिवसांत नंबर लावून वर्षानुवर्षं मिळायची नाही. जुनीच बघायची होती. पहिली पाहिली ती भायखळ्याच्या एका गॅरेजात, कुणा डॉक्टरची, चार दारांची. दार उघडलं की रुंद उघडायचं, आणि आत खुर्चीइतक्या उंचीची बैठक. ताई तिच्यात पाठमोरी टेकून, पाय आत फिरवून, आरामात बसली असती. हे मला बघताक्षणी कळलं. भावोजींनी टायरला बुटानं एक हलकी ठोकर मारली, म्हणाले, "हा डबा आहे," आणि आम्ही बाहेर पडलो. गॅरेजच्या मालकाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

कारण भावोजींच्या मनात निराळंच होतं. उपनगरातल्या विमानतळाच्या जुन्या धावपट्टीवर तेव्हा अधूनमधून रविवारी मोटारींच्या शर्यती व्हायच्या. राजेरजवाडे, मोठे व्यापारी, विलायती कंपन्यांचे साहेब आपापल्या गाड्या घेऊन यायचे. भावोजी तिथं दोरीच्या अलीकडे उभे राहून धूळ खात आले होते, आणि आता त्यांना दोरीच्या पलीकडे जायचं होतं. "रविवारी धावपट्टी, सोमवारी परळ," ते म्हणाले. "एकाच गाडीत दोन्ही भागलं पाहिजे. आणि आपल्याला झेपली पाहिजे." शेवटचं वाक्य ते अगदी समंजस गृहस्थासारखं म्हणाले. मला त्यांनी स्टॉपवॉच दिलं आणि एक वही. डाव्या पानावर ‘शर्यत’, उजव्या पानावर ‘रोज’. मी हरखलो. दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनींच्या चतुःसीमा उतरवून काढणाऱ्या माणसाला कुणीतरी वाऱ्यावर बसायला बोलावत होतं.

दोन गाड्यांवर घोडं अडलं. एक लाल, दादरच्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थाची. दुसरी हिरवी, एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याची. आम्ही दोन्ही आळीपाळीनं वडाळ्याच्या मिठागरांकडच्या सरळ रस्त्यावर नेल्या. लाल गाडी अरुंद, हलकी, तारांच्या चाकांची. तिचं सुकाणू बोटभर फिरवलं की ती हातभर वळायची. गिअर इतके जवळजवळ की भावोजी पाय आणि हात तबलजीसारखे चालवायचे. हिरवी जड होती. वळणावर कुरकुरायची, पण ब्रेक चांगले, आणि सरळ रस्त्यावर शेवटी शेवटी लालच्या पुढे जायची. हिरवीला मागे दोन नावापुरत्या बैठका होत्या, भाजीची पिशवी मावेल एवढ्या. लालला मागे काहीच नव्हतं, फक्त पेट्रोलची टाकी आणि जादा चाक.

रोजच्या वापराला दोन्ही सारख्याच नालायक होत्या, हे आज मी स्वच्छ सांगतो. काचा नव्हत्याच, पारदर्शक पडदे होते, ते पिवळे पडलेले, आणि त्यांच्यातून समोरून येणारा माणूस काविळीनं आजारी दिसे. टप कापडाचा, कुबट, म्हाताऱ्या छत्रीसारखा. लाल गाडीच्या बैठकीला बुरशीचे ठिपके होते आणि शिवणीत कुत्र्याचे केस. पारशीबाबाचा कुत्रा तिच्यातून फिरायला जात असे. इंजिनाची धग सरळ पावलांवर यायची. लालचं चाक एकदा ट्रामच्या रुळात अडकलं तेव्हा आम्ही लालबागच्या भर रस्त्यात ट्राम जाईल तिकडं निघालो, आणि कंडक्टर मागून घंटा बडवत होता. मी हे सगळं वहीत लिहिलं. पण कसं लिहिलं? ‘रुळांवर किंचित सावध राहावं लागतं.’ ‘हवा भरपूर.’ वकिलाच्या कचेरीत राहून माणूस एवढं तरी शिकतोच.

आणि एक ओळ मी खरी लिहिली. वडाळ्याहून परतताना लाल गाडीतून उतरायचं म्हणून मी हात टेकले, तर माझी बोटं सरळ रस्त्याला लागली. एवढी ती खाली. माझ्यासारख्या धडधाकट माणसाला गुडघे छातीशी घेऊन, दाराची कड धरून, हेलकावा देऊन उठावं लागलं. त्या रात्रीच्या जेवणाआधी उजव्या पानावर मी लिहिलं: ‘बैठक फार खाली. ताईला उठता येणार नाही.’

भावोजींनी वाचलं आणि हसले. "अरे, खाली आहे म्हणूनच तर ती वळणावर उलटत नाही. तो गुण आहे गुण. डाव्या पानावर घाल." मी म्हटलं, "पण ताई..." ते म्हणाले, "सवय होते रे. आणि पुढच्या शर्यतीत तू माझ्याबरोबर धावपट्टीवर येणार आहेस, वेळ घ्यायला. सांगितलं का तुला?" मी ओळ खोडली. आमच्या कचेरीत खोडायची रीत ठरलेली होती. मजकूर गिचमिड करायचा नाही. त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि कडेला आपली सही. हाताला लागलेली सवय. मी रेघ मारली आणि कडेला सहीसुद्धा केली.

यावर कुणीही विचारेल, की मग ताईला एकदा नेऊन बसवून का नाही पाहिलं? हिरवीत, लालमध्ये, त्या डब्यात? पाच मिनिटांचं काम. ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही, आणि जेव्हा एकदा ताईनंच विचारलं, "मी येऊ का बघायला?" तेव्हा सासूबाईंनी डोळे मोठे केले. पूजा न झालेल्या गाडीत घरच्या सुनेनं बसायचं नाही. त्यातून गाडी परक्या पुरुषाची. "दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याच्या गाडीत बसून बघायला ती काय तमाशातली आहे?" हे शब्द. आधी घरात येऊ दे, हळदकुंकू लागू दे, नारळ फुटू दे, मग पहिला मान तिचाच. मानाची एवढी काळजी, आणि पायाची कुणाला नाही. चप्पल घेताना पाय घालून बघणारी माणसं आम्ही. भावोजी म्हणाले, "आई म्हणते ते बरोबर आहे." मी मूग गिळून बसलो. माझ्या सगळ्या माहितीसकट बसलो.

लाल आली.

पूजेला सगळी वाडी लोटली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, आरशाला झेंडूची माळ. नारळ भावोजींनी गाडीपासून चांगला दहा पावलं लांब नेऊन फोडला, करवंटीचा तुकडा उडून रंगाला लागू नये म्हणून. मग ताई पुढे झाली. नवी नारायणपेठी नेसली होती. दार अर्धवटच उघडायचं. तिनं आधी उजवा पाय आत टाकून पाहिला, मग पाठमोरी होऊन पाहिलं, मग एकदम तोल जाऊन ती बैठकीत आदळली. डावा पाय बाहेरच राहिला, सरळ. तो आत घ्यायला जागाच नव्हती. भावोजींनी तो उचलून तिरका आत कोंबला, तर टाच गिअरच्या दांड्याला जाऊन टेकली. अशा अवस्थेत त्यांनी तिला वाडीच्या तोंडापर्यंत नेऊन आणलं, पहिल्या गिअरमध्येच, कारण दुसरा पडतच नव्हता. बायका कौतुकानं हसत होत्या.

उतरवायला दोन माणसं लागली. एक मी. आम्ही तिला काखेत धरून वर ओढली. पदर दाराच्या कडीत अडकून टरकन फाटला, आणि तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. ती कुणाकडेच बघत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "देवाच्याच मनात नाही हो शाळा." भावोजी म्हणाले, "सवय होईल." मी पेढे वाटले.

सोमवारी ताई ट्रामनं परळला गेली. मंगळवारीही. रविवारी आम्ही धावपट्टीवर. तिथं आमची लाल गाडी शेवटून तिसरी आली, आणि एका जहागीरदारानं भावोजींना "छान नेलीत" म्हटल्यावर ते आठवडाभर तेच सांगत राहिले. मी वेळा लिहीत होतो. घरी आलो की तोंडात धुळीची आणि एरंडेलाची चव, आणि समोर ताई पाटावर पाय पसरून बसलेली, गुडघ्याला गरम विटेचा शेक देत. "कितवा नंबर?" असं विचारायची. खरंच विचारायची, टोमणा नसायचा. टोमणा मारला असता तर मला जेवण गेलं तरी असतं.

मग संयुक्त महाराष्ट्रासाठीच्या हरताळाचा तो दिवस आला. सकाळी ट्रामगाड्या चालू होत्या, म्हणून ताई गेली. दुपारपर्यंत परळ-लालबागकडे मोर्चे निघाले, दगड, अश्रुधूर, आणि ट्राम जिथल्या तिथं थांबल्या. कचेऱ्या सुटल्या, भावोजी आणि मी दोघेही घरी आलो. तीनच्या सुमाराला फोन आला, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा, शेजारच्या दवाखान्यातून. मुलं घरी पोचवली आहेत, ताईला एवढं चालवणार नाही, आतल्या रस्त्यांनी गाडी येऊ शकते, पाठवा.

भावोजी फोन ठेवून खिडकीशी गेले. गाडी खाली उभी होती. "कापडी टप आहे," ते म्हणाले. "एक दगड आला तर संपलं." ते म्हणाले, "आणि समजा गेलो. ती बसणार कशी? मधे कुठं उतरावं लागलं, तर तिला बाहेर काढायची कुणी?" गाडी आणताना जे त्यांना सांगून पटलं नव्हतं, ते त्यांना आता, न सांगता, अगदी बरोबर पटलं होतं. मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "हो, तेही खरंच."

आम्ही खाली जाऊन गाडीवर ताडपत्री घातली. दोन बाजूंनी ओढून, सुतळीनं चाकांना पक्की बांधली. मी गाठी चांगल्या मारतो. मग मी म्हटलं, "मी चालत जाऊन आणतो," आणि निघालो. नाक्यापर्यंत गेलो. तिथं डोळे चुरचुरायला लागले, लोक उलटे पळत येत होते, आणि मी त्यांच्याबरोबर शेपूट घालून परत आलो. घरी सांगितलं की रस्ता बंद आहे. रस्ता किती बंद आहे हे मी पाहिलं नव्हतं.

दिवेलागणीला वाडीच्या तोंडाशी लाकडी चाकांचा खडखडाट झाला. एक हातगाडी आत आली. लालबागच्या बाजारात मासळी विकणारी एक कोळीण दांडी धरून होती, तिचा दीर मागून ढकलत होता. तिची मुलगी ताईच्या वर्गात होती. ताई अर्ध्या रस्त्यापर्यंत भिंतीला धरधरून चालत आली होती, आणि घोडपदेवला एका ओट्यावर बसलेली या बाईला दिसली. टोपल्या तिथंच कुणाकडे टाकून तिनं ताईला हातगाडीवर घेतलं होतं. खाली गोणपाट अंथरलेला, आणि त्यावर ताई ताठ बसलेली, डावा पाय सरळ पुढे पसरून. त्या पायाला इतकी ऐसपैस जागा मी त्याआधी कुठल्याच वाहनात पाहिली नव्हती.

आमची गाडी मधेच उभी होती. कोळीण म्हणाली, "बाईंना आणलंय. ती तुमची गाडी जरा सरकवा, माझी वळत नाय."

भावोजी जिना उतरून धावत आले. त्यांचे पहिले शब्द असे होते: "सांभाळून हं. कडेनं रंग घासेल."

कोळणीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ताई हातगाडीच्या कडेला सरकली, उजवं पाऊल जमिनीला लावलं आणि उभी राहिली. कुणाचा हात लागला नाही. तिनं कोळणीचे दोन्ही हात हातात घेतले, आणि मग एकेक पायरी बसत बसत जिना चढून गेली. तिच्या लुगड्याला मासळीचा वास येत होता. मला तो वास स्वच्छ वाटला.

दुसऱ्या दिवशी तिचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. डॉक्टरांनी आता पर्याय दिलाच नाही, शाळा सोडा म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी, शहर निवल्यावर, तिनं राजीनामा लिहिला. पाकीट माझ्या हातात देत म्हणाली, "शाळेत नेऊन दे. पोस्टानं नको."

मी म्हटलं, "ताई, आम्ही त्या दिवशी येणारच होतो."

"असू दे." तिनं गुडघ्यावरची वीट जरा सरकवली. "तुझी वही टेबलावर पडलेली असायची. गाडी घ्यायच्या आधी एकदा चाळली होती मी. ‘बैठक फार खाली. ताईला उठता येणार नाही.’ वर रेघ, बाजूला तुझी सही."

मी विचारलं, "मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते," ती म्हणाली, आणि विटेचं फडकं पुन्हा नीट गुंडाळू लागली.

पाकीट घेऊन मी खाली आलो तर भावोजी गाडी पुसत होते. कुठं निघालास विचारलं. मी सांगितलं. त्यांनाही वाईट वाटलं असावं, फडकं झटकून ते म्हणाले, "चल, मी सोडतो." मी नको म्हणायला हवं होतं. मी बसलो. रस्ते मोकळे होते. ती लाल गाडी ताईच्या शाळेला गेली ती तेवढी एकदाच, आणि तिच्यात ताई नव्हती, माझ्या खिशात तिचा राजीनामा होता. शाळेच्या फाटकाशी भावोजींनी ब्रेक लावला, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एरंडेलाच्या त्या दर्पात वळून मला म्हणाले, "एकोणीस मिनिटं. लिहून ठेव."

वही माझ्याजवळच होती. मी ‘रोज’चं उजवं पान उघडलं आणि लिहिलं.